चि. ओंकारास पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आता युनिट आधी, बॅट माळ्यावर टाक." टाकलेली नाही. बाबांनी जवसाचं तेल लावून ठेवली आहे. गुडघ्याचं विचारायचं नाही असं ठरवलंय, म्हणून मेजर रॉबर्ट पुअरचं सांगते.

हा ब्रिटिश फौजेतला, सातव्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीचा. बॅटिंग शिकला मोठेपणी, पुस्तकं वाचून. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, असताना आपल्या पुण्यात धावांच्या राशी घातल्या. 1896 मध्ये पलटण दक्षिण आफ्रिकेत होती, तर त्यांच्याकडून तीन कसोट्या खेळला, त्याही इंग्लंडविरुद्ध! पण नाव झालं 1899 साली, तेहतिसाव्या वर्षी. तू सव्वीसचा आहेस. हॅम्पशायर या इंग्लिश काउंटी संघासाठी मोकळा झाला तो जूनमध्ये, आणि 12 जून ते 12 ऑगस्ट एवढ्यात सात शतकं. पहिली तीन ओळीनं: सॉमरसेटविरुद्ध 104 आणि नाबाद 119, मग लँकेशायरविरुद्ध 111. जुलैत टाँटनला 304. तिथे सहाव्या विकेटला कॅप्टन विनयार्डबरोबर 411 ची भागी. तोही फौजीच, त्याचे 225. हंगामाची सरासरी 91.23. एवढ्या धावा पळायला गुडघे लागतात रे. नेट्सआधी नी-कॅप, नंतर पंधरा मिनिटं बर्फ, पण टॉवेलात गुंडाळून; नुसता लावलास तर कातडी भाजते. झालं, विचारलंच मी.

ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचं बोअर लोकांशी युद्ध पेटलं आणि त्याचं क्रिकेट थांबलं. तिकडे तो प्रोव्होस्ट मार्शल झाला, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख, डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. त्याच काळात, फेब्रुवारी 1902 मध्ये, प्रिटोरियात मोरंट आणि हँडकॉक या ब्रिटिश बाजूच्याच दोन लेफ्टनंटांना कैदी मारल्याबद्दल गोळ्या घातल्या. मोरंटचा बचाव असा, की कैदी न ठेवण्याचा हुकूम तोंडी मिळाला होता. कोर्टानं मानलं नाही. ओंकार, असला हुकूम कुणी दिलाच तर लेखी माग. आणि लेखी असला तरी... तुझ्या अकादमीत हे शिकवलं असेलच, मी कोण सांगणारी. रागावू नकोस. पासिंग आऊटचा फोटो अप्पांनी देवघरात लावलाय, मी काढत नाही.

पुअर परतला, 1904 ला होव्हला ससेक्सविरुद्ध 129 काढले. शेवटी ब्रिगेडियर जनरल झाला.

नंदाआत्या येतेय तिकडे. तिच्याबरोबर चकल्या, बॅट आणि डाव्या पायाची नी-कॅप पाठवते. मोठं माप घेतलंय, घट्ट झाली तर कळव.

तुझी,
आई