लाल टोपण, केशरी टोपण

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. डिस्चार्जच्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा हवं तर, पण नाव नको, सगळ्या मिळून पार्टी मागतील." म्हणून नुसतं सिस्टर.

खुब्याचं हाड मोडून आई तुमच्या वॉर्डात 11 दिवस होती. आभार मानायला कारणं पुष्कळ आहेत, पण हे पत्र एका इंजेक्शनासाठी आहे. तुम्ही न दिलेल्या.

ऑपरेशनचा तिसरा दिवस. आदल्या संध्याकाळी घरून आणलेली इन्सुलिनची बाटली संपली होती. हातात चिठ्ठी मिळाली, मी बाजारातल्या मेडिकलमधून नवी बाटली आणली. नाव तेच, कंपनी तीच, अजून बघायचं काय? सकाळी नाश्त्याआधी तुम्ही लाल टोपणाची सिरिंज घेऊन आलात, बाटली खिडकीकडे धरून लेबल वाचलंत आणि सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवलीत.

"दादा, ही कुठून आणली?"

मला आधी रागच आला, हे आज कबूल करतो. नाश्ता थंड होत होता, आईची साखर आधीच वाढलेली, आणि तुम्ही दुसऱ्या सिस्टरना बोलावून तेच लेबल पुन्हा वाचायला लावत होतात. मी काहीतरी पुटपुटलोही. तुम्ही एवढंच म्हणालात, "दहा मिनिटं उशीर चालेल."

मग समजावलंत. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही वेगळी, 40 ला लाल टोपण, 100 ला केशरी. घरी आम्ही वर्षानुवर्षं 40 चं वापरत आलो आणि मी आणलेलं होतं 100 चं. लाल सिरिंजमध्ये 18 च्या रेघेपर्यंत ते भरलं असतं तर आईच्या अंगात 45 युनिट गेले असते. माझ्या चेहऱ्याकडे बघून तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे कोकमाचं घट्ट आगळ असतं ना? एक वाटी आगळ आणि एक वाटी सरबत, वाटी तीच, पण सारखं आहे का?" त्यानंतर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई दोन चमचे पेज खाऊन निम्मा वेळ गुंगीत असायची. साखर उतरून घाम फुटला असता, हात थरथरले असते, तरी ती झोपलीय असंच समजून मी शेजारी पेपर वाचत बसलो असतो.

इथवर कोणीही चांगली नर्स करील, असं तुम्हीच म्हणाल. म्हणा. मला खरं नवल पुढचं वाटलं. दुपारी तुम्ही टेबलावर बसून एक फॉर्म भरत होतात. मी घाबरून विचारलं, "माझ्यावर तक्रार का?" तुम्ही हसलात. शेजारच्या ज्येष्ठ सिस्टर मात्र कुरकुरल्या, "काही झालं नाही ना? मग कशाला वाढवतेस?" तुमचं उत्तर माझ्या कानात बसलंय. "झालं नाही म्हणूनच लिहितेय. झाल्यावर सगळेच लिहितात."

त्या फॉर्मला तुमच्याकडे निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेली चूक, म्हणतात, हे तेव्हा कळलं. त्यात तुम्ही माझा निष्काळजीपणा लिहिला नाहीत. मेडिकलवाल्याचाही नाही. चिठ्ठीवर इन्सुलिनचं नाव होतं, ताकद नव्हती, हे लिहिलंत. मी त्या चुकीसाठी दोन दिवस स्वतःच्या आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होतो, तुम्ही मात्र ती कुठून शिरली ते दार शोधत होतात. आठवा दिवस उजाडेपर्यंत वॉर्डात 100 च्या बाटल्यांना केशरी पट्टी लावलेला वेगळा डबा आला. चिठ्ठीवर डॉक्टर 40 की 100 ते लिहू लागले, आणि 'युनिट' हा शब्द पूर्ण. नुसतं इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखं दिसतं आणि 8 चे 80 होतात, हेही तुम्हीच सांगितलंत. नातेवाइकांनी बाहेरून आणलेली बाटली दोघींनी मोठ्याने वाचायची, असं ठरलं. मला हे सगळं दिसलं कारण मला दिवसभर दुसरं कामच नव्हतं. ज्या पेशंटांना त्याचा उपयोग होईल त्यांना ते कधी कळणारही नाही.

तुमच्या ड्युटीरूममध्ये नाइटिंगेलबाईंचा फोटो आहे, हातात दिवा. 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धात, त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. पण परतल्यावर त्यांनी मेलेल्या सैनिकांचे आकडे मांडून दाखवलं की जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त माणसं गेली. त्यांच्या हातात दिव्याऐवजी वही असायला हवी होती, असं मला तुमचा फॉर्म बघितल्यापासून वाटतं.

बाकीचं भराभर. दर दोन तासांनी आईची कूस बदलायचात, पाठीला एक जखम झाली नाही. रात्री 22 खाटांना तुम्ही दोघी, तरी सलाईनच्या सुईची जागा लाल झालीय का हे टॉर्च मारून बघायचात. आणि प्रत्येक गोळीआधी "आजी, पूर्ण नाव सांगा." आई वैतागायची, "रोज बघतंस ना गो माका?" समोरच्या खाटेवर दुसऱ्या सावंत आजी आल्या तेव्हा ती गप्प झाली.

जाताना तुम्ही मला तुमच्यासमोर तीनदा सिरिंज भरायला लावलीत. दुसऱ्यांदा हवेचा बुडबुडा राहिला म्हणून पुन्हा. आता घरी मी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचतो, बायको सिरिंजच्या टोपणाचा रंग सांगते, मगच आई दंड पुढे करते.

तपासणीला पुढच्या महिन्यात येतोय. आईने तुमच्यासाठी आगळाची बाटली भरून ठेवलीय. तिच्यावर मी लेबल चिकटवलंय, मोठ्या अक्षरात: 'आगळ आहे, सरबत नाही. पाणी घालूनच प्यावे.'

तुमचा,
खाट क्रमांक 14 चा मुलगा