ज्वालामुखीवर खापर फोडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हवामान तर नेहमीच बदलत आलंय, ज्वालामुखी एवढा वायू ओकतात, तिथे माणसाच्या धुराची काय मातब्बरी?’ अशा आशयाचं पत्र आपल्या सदरात नुकतंच वाचलं. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी वजनाचा हिशेब. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं आणि जळल्यावर त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो आलं कुठून, असं मुलं हमखास विचारायची. उत्तर फळ्यावर एका ओळीत मावायचं. पेट्रोलमधला १२ भार कार्बन हवेतला ३२ भार ऑक्सिजन ओढून घेतो, झाले ४४. या वायूला ना रंग ना वास, म्हणून टाकी रिकामी झाली की विषय संपला असं वाटतं. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून जगभरात वर्षाला ३५ अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सगळ्या ज्वालामुखींची बेरीज त्याच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरते.

बरं, हवेत वाढलेला वायू कोळशा-तेलाचाच कशावरून? कार्बनवर त्याच्या घराण्याची खूण असते म्हणून. वनस्पती हवेतून कार्बन घेताना कार्बनचा जड प्रकार, कार्बन-१३, थोडा कमीच उचलतात. कोळसा म्हणजे गाडली गेलेली प्राचीन झाडं, त्यामुळे तीच खूण त्याच्यातही उतरते. हवेतलं कार्बन-१३चं प्रमाण सतत घसरतंय. ज्वालामुखीच्या वायूने ते असं घसरलं नसतं, कारण त्यात कार्बन-१३ एवढा कमी नसतोच. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतोय. काहीतरी जळतंय, याची ही दुसरी साक्ष. (ऑक्सिजन संपेल अशी भीती मात्र बाळगू नये, तो भरपूर आहे.)

पृथ्वी तापतेय हा दोष सूर्याचा असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि तिच्या वरचा थर, स्थितांबर, थंड होतंय.

हवामान पूर्वीही बदललं, हे पत्रलेखकांचं म्हणणं खरंच आहे. पण वेग पाहा. शेवटचं हिमयुग ओसरताना हवेच्या दर दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइड ८० ते १०० भागांनी वाढला, त्याला काही हजार वर्षं लागली. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा आकडा ३१५च्या आसपास होता, आज तो ४२०च्या पुढे आहे. म्हणजे तेवढी भर माझ्या हयातीतच पडली. मौना लोआ स्वतः ज्वालामुखी आहे, ही त्यातली गंमत! अर्थात त्याच्या वायूची भेसळ झालेली मापं तिथे बाजूला काढतात.

एक विनंती. आपण रोज तापमानाची चौकट छापता. महिन्यातून एकदा तिथे मौना लोआचा आकडाही द्याल का? उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की तो उतरतो आणि मे महिन्यात पुन्हा शिखर गाठतो. दोन मे महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की पत्रलेखकांना आणि मला वाद घालायला एकच कागद पुरेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक