सोळा जणांच्या घरात सोळाच जण

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

इंग्लंडच्या समुद्रकिनारी मोठं घर भाड्याने घेऊन सगळ्या गोतावळ्यासह सुट्टी घालवावी, असं सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. कल्पना उत्तमच आहे. आजी-आजोबा, दोन भावांची कुटुंबं, पुण्याहून आलेली मावशी, सगळे एका छताखाली राहतात, सकाळचा चहा एकत्र होतो, रात्री पत्त्यांचा डाव रंगतो. हॉटेलच्या सुट्या-सुट्या खोल्यांत हे सुख नाही. पण लेखात जाता जाता एक सल्लाही दिला आहे, तो मात्र घातक आहे. घर सोळा जणांचं असलं तरी तीन-चार माणसं जास्तीची सहज खपतात, मालक काही तिथे राहत नसतो, असं लेखिकाबाई म्हणतात. मी नॉर्थ यॉर्कशायरमधल्या स्कारबरोत राहते आणि अशाच काही घरांची देखभाल बघते. सकाळी दहाला एक कुटुंब बाहेर पडलं की दुपारी चारला दुसरं दारात हजर. मधल्या सहा तासांत सोळा गाद्यांच्या चादरी बदलून घर पुन्हा उभं करायचं, हे माझं काम. तेव्हा न खपलेल्या माणसांबद्दल मला थोडं सांगता येईल.

आधी ही घरं कशी आहेत ते समजून घ्यायला हवं. स्कारबरोत औषधी झऱ्याच्या पाण्यासाठी लोक यायला लागले ते सतराव्या शतकात. 1845 मध्ये रेल्वे आली आणि गावाचं रूप पालटलं. साउथ क्लिफवर चार-चार, पाच-पाच मजली घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे त्यातल्या कितीतरी घरांची बोर्डिंग हाउस झाली आणि आता त्यातलीच काही आपल्यासारख्या मोठ्या कुटुंबांना आठवड्याच्या हिशेबाने दिली जातात. दिवाणखान्याची उंच छतं आणि समुद्राकडच्या खिडक्या बघून पाहुणे खूश होतात. वरच्या मजल्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तिथे पूर्वी नोकरमाणसं झोपत. तिथवर जाणारा जिना एका वेळी जेमतेम एक माणूस चढेल असा, आणि बहुतेक घरांत खाली उतरायला तोच एकमेव.

सोळाचा आकडा येतो तो इथून. 2005 च्या अग्निसुरक्षा आदेशानुसार पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला आगीच्या धोक्याची पाहणी करावी लागते, आणि ऑक्टोबर 2023 पासून ती लेखी ठेवणं सक्तीचं आहे. लहान घरांसाठी सरकारची सोपी मार्गदर्शिका आहे, पण ती दहा माणसांपर्यंतच. त्याहून मोठं घर असेल तर एकमेकांना जोडलेले अलार्म, आपोआप बंद होणारी फायर डोअर्स, जिन्यात आपत्कालीन दिवे असा सगळा जामानिमा लागतो. रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर किती माणसं त्या जिन्याने धडपणे खाली येतील, याचा विचार करूनच आकडा ठरतो. दिवाणखान्यात अंथरूण टाकलेल्या चार जणांचा त्या हिशेबात कुठेच पत्ता नसतो.

आता स्वयंपाकघर. तिथे सहसा धुराचा अलार्म नसतो, उष्णतेचा असतो. धुराचा असतो तो बाहेरच्या पॅसेजमध्ये. म्हणजे स्वयंपाकघराचं दार लावलेलं असेल तर मिरच्यांची फोडणी खुशाल करा, काही होत नाही. पण वीस माणसांचा राबता असलेल्या घरात दार लावलेलं राहतंच कुठे? ताटं घेऊन सारखी ये-जा. मग ते जड दार आपोआप बंद होऊ नये म्हणून त्याला काहीतरी टेकण लागतं. मागच्या उन्हाळ्यात एका घरात तिथे दहा किलोची बासमतीची पिशवी होती. फोडणीचा धूर पॅसेजमध्ये गेला, अलार्म बोंबलायला लागला, आणि कोणीतरी खुर्चीवर चढून त्याला शॉवर कॅप घातली. ती कॅप मी दुसऱ्या दिवशी काढली. म्हणजे अर्धा तास आग अडवणारं दार उघडं, अलार्म झाकलेला, आणि वरच्या मजल्यावर चार मुलं झोपलेली. मंडळी चांगली होती हो, जाताना माझ्यासाठी डब्यात चकल्या ठेवून गेली.

न्हाणीघराचं रडगाणं वेगळंच. इथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी वाहून जायला जाळी नसते, खाली लाकडी तक्तपोशी असते. टबाबाहेर बसून बादली-तांब्याने अंघोळ केली की पाणी थेट खालच्या खोलीच्या छतातून ठिबकतं. सोळा जणांत एखाददुसऱ्या आजोबांना आधी नीट समजावून सांगता येतं. माणसं वाढली, गरम पाण्याची टाकी संपली, सगळ्यांना घाई झाली, की कोण कोणाला समजावणार?

शेजाऱ्यांबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. या रांगेतल्या घरांची भिंत सामाईक असते. पलीकडे बहुधा वर्षानुवर्षं तिथेच राहणारं कोणीतरी म्हातारं जोडपं असतं, आणि त्यांच्या दृष्टीने दर शुक्रवारी शेजारी बदलतो. किनाऱ्यावरच्या गावांत या विषयावर वातावरण आधीच तापलेलं आहे. इथून वीसेक मैलांवर असलेल्या व्हिटबीत जून 2022 मध्ये रहिवाशांचं मतदान झालं. नवी बांधली जाणारी घरं कायम राहणाऱ्यांनाच विकावीत, या बाजूने 2,228 मतं पडली, विरोधात 157. तो कौल बंधनकारक नव्हता, पण लोकांच्या मनात काय आहे ते कळायला पुरेसा होता. एप्रिल 2025 पासून आमची कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, सेकंड होमवर, म्हणजे कायम राहत नसलेल्यांच्या जादा घरावर, दुप्पट कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) घेते. आणि राहतं घर मोठ्या गटांना सुट्टीसाठी देणं हा, परिस्थितीनुसार, वापरातला बदल ठरू शकतो, म्हणजे त्याला नियोजन परवानगी लागू शकते, हे अपील न्यायालयाने 2012 मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यामुळे शेजारी खिडकीतून गाड्या आणि डोकी मोजतात ते उगाच नाही. मालक तिथे राहत नसेल, पण रात्री अकरानंतर अंगणात अंताक्षरी चालू राहिली तर त्याला फोन जातोच.

पैशांचं बघू. भाडं घराचं असतं, माणशी नसतं. सोळांऐवजी वीस जणांत वाटलं तर प्रत्येकाचा वाटा एक पंचमांशाने कमी होतो, बस्स. त्यासाठी अनामत रक्कम पणाला लावायची? जास्तीची माणसं सापडली तर पैसे परत न देता घर रिकामं करायला सांगण्याचा हक्क बहुतेक करारांत मालकाने राखून ठेवलेला असतो, आणि काही अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो माणसांच्या संख्येचाच. शाळांना सुट्ट्या असताना ऐनवेळी वीस माणसांना या गावात दुसरं छप्पर मिळत नाही.

माणसं खरोखरच वीस असतील तर मार्ग आहेत. एकाच रांगेतली दोन लहान घरं घ्यावीत, दोन्हीकडचे स्वयंपाक वाटून घ्यावेत. किंवा ज्येष्ठ मंडळींसाठी जवळच्याच गेस्ट हाउसमध्ये तळमजल्यावरच्या खोल्या घ्याव्यात. त्यांना तो चौथा मजला तसाही नको असतो. तान्ही बाळं मोजायची की नाही, दिवसा भेटायला येणारे नातेवाईक चालतील का, हे बुकिंगच्या आधीच ईमेलवर विचारावं. फोनवरचं 'हो' कामाचं नाही. एवढं केलंत की मग या गावात मजाच मजा आहे. साउथ बेची वाळू लांबवर सपाट आहे, आणि 1875 साली सुरू झालेली, ब्रिटनमधली पहिली क्लिफ लिफ्ट, म्हणजे कड्यावरून खाली किनाऱ्यावर नेणारी रुळांवरची गाडी, चालू असली की आजींना पायऱ्याही उतराव्या लागत नाहीत. नॉर्थ मरीन रोडच्या मैदानावर यॉर्कशायर काउंटीचे क्रिकेट सामने होतात. सचिन तेंडुलकर 1992 मध्ये याच यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू होता, एवढं सांगितलं की आमचे पाहुणे लगेच तिकिटाची चौकशी करतात. फक्त किनाऱ्यावर चिप्स खाताना सीगलकडे पाठ करू नये.

लेखिकाबाईंचा सल्ला वाचून लोक घरं ठरवायला लागले असतील. मे अखेरच्या सुट्टीचं बुकिंग सध्या जोरात आहे, तेव्हा जास्तीच्या माणसांबद्दलचं ते वाक्य मागे घेणारा खुलासा पुढच्याच पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, स्कारबरो, इंग्लंड