सिस्टर, तुम्ही आम्हांला काम दिलेत

आदरणीय सिस्टर,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हाती देण्याऐवजी सर्वांसमोर ठेवते आहे, कारण गुरुवारच्या बैठकीत आम्हां वयस्कांना काम देऊन तुम्ही जे केलेत ते माझ्या एकटीपुरते नाही. गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत साठी ओलांडलेली कितीतरी माणसे रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतात आणि आशीर्वचन होताच निघून जातात. त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्या पाळकांपर्यंत ते पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

निवृत्तीनंतर मी नगरहून मुलाकडे कोल्हापुरात राहायला आले. माझी सारी हयात नगरला गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ज्या गावात राहून अभंग-ओव्यांतून ख्रिस्ताची भक्ती गायली, तिथल्या मंडळीत मी रविवारची शाळा शिकवली आणि महिला मंडळाचे काम पाहिले. इथे आल्यावर यांतले काहीच माझ्याकडे उरले नाही. कोल्हापुरातले ख्रिस्ती जीवन जुने आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा 1852 साली या शहरात आले, तिथपर्यंत त्याची मुळे जातात. पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झालेली घराणी उपासनेला एकत्र बसतात आणि कोणाचे बाक कुठले, हे सगळ्यांना ठाऊक असते. नवख्याला कोणी दुखवत नाही, "तुम्ही कोणाकडच्या?" असे आपुलकीनेच विचारले जाते. पण ज्याचे इथे कोणीच नाही, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसते. मला निदान मुलाचे नाव सांगता आले. भाड्याच्या खोलीत राहून नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला किंवा बदली होऊन आलेल्या कुटुंबाला तेही सांगता येत नाही.

तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही सरकून जागा केलीत, पहिले गीत काढून ठेवलेले गीतपुस्तक उघडेच माझ्या हाती दिलेत आणि उपासना संपल्यावर म्हणालात, "गुरुवारी तीन वाजता माझ्या घरी या. आम्हांला वाचायला माणूस हवंय." मी एकटी आहे म्हणून तुम्ही मला बोलावत नव्हता. तुमच्या बैठकीतल्या निम्म्या जणांना पवित्र शास्त्राचा बारीक टाइप दिसत नव्हता, आणि माझा शिक्षकी आवाज तुम्ही गीत गाताना हेरला होता. उतारवयात सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात, परंतु गरज आहे म्हणून बोलावणारे फार थोडे असतात, आणि माणूस मंडळीत रुजतो तो त्या बोलावण्याने, हे माझे ठाम मत आहे.

त्या बैठकीची घडी तुम्ही किती विचाराने बसवली आहे, हे मला हळूहळू उमगले. तीनची वेळ यासाठी, की पाचला नातवंडे शाळेतून परतायच्या आत घरी पोहोचता येते आणि अंधारात रस्ता ओलांडायची भीती राहत नाही. सतरंजी नाही, हात असलेल्या खुर्च्या. ज्यांना कमी ऐकू येते ते वाचणाऱ्याच्या शेजारी. बायबलमधले एकच स्तोत्र पुष्कळ आठवडे चालते. मी ते सावकाश वाचते, मग सगळे गप्प बसतात, मग मी पुन्हा वाचते, आणि ज्याला बोलावेसे वाटेल तो बोलतो. भाष्य कोणी करायचे नाही, उपदेश रविवारी होतो, हा तुमचा नियम मला सुरुवातीला जड गेला, कारण समजावून सांगणे हाच माझा जन्मभराचा धंदा होता.

71 वे स्तोत्र आपण असेच घेतले. उतारवयात मला टाकू नकोस, शक्ती सरत असताना मला सोडू नकोस, अशी त्या म्हाताऱ्या भक्ताची विनवणी मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण तो पुढे आणखी काय मागतो, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. पिकलेल्या केसांच्या त्या माणसाला पुढच्या पिढीला देवाचे सामर्थ्य सांगेपर्यंत अवधी हवा आहे. त्याचे काम अजून शिल्लक आहे. हे वाचून झाल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त तुमची वही काढलीत.

त्या वहीबद्दल सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून तुमची नोकरी झाली, आणि ड्युटी संपताना नर्सने पुढच्या नर्सला एकेका खाटेची हकिकत सांगावी, तशी तुम्ही त्या रविवारची हकिकत वहीतून वाचून दाखवता: कोण आले नाही, कोण पहिल्यांदा आले, कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या घरी अबोला आहे. मग कामे वाटली जातात. फोन कोणी करायचा, भेटायला कोणी जायचे, पुढच्या रविवारी दाराशी कोणी बसायचे. मधुमेहाने दृष्टी गेलेले, पूर्वी एसटीत कंडक्टर असलेले दादा सगळी नावे प्रार्थनेसाठी घेतात. त्यांना ती बाकांच्या क्रमाने सांगावी लागतात, दारापासून व्यासपीठाकडे. एकदा ऐकले की त्यांच्या मनात पक्की बसतात, आणि रोज पहाटे ते त्याच क्रमाने प्रार्थना करत जातात. आपल्यासाठी रोज कोणीतरी नाव घेऊन प्रार्थना करते, हे कळल्यावर ती नर्सिंगची मुलगी गुरुवारी दादांना भेटायला आली होती. त्यांनी तिला बाक सांगितले: "उजवीकडचं तिसरं, भिंतीकडची जागा." ती रडली आणि मग आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन येऊ लागली.

लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना मला आता वेगळी दिसते. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करणारी, म्हणून आपण तिच्या भक्तीची थोरवी गातो; पण बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा ती नेमकी पुढे आली आणि वाट पाहणाऱ्या सर्वांना त्याच्याविषयी सांगू लागली, हेही लूकने लिहून ठेवले आहे. दाराकडे लक्ष ठेवायला तिला प्रार्थनेनेच शिकवले असावे.

माझ्या स्वतःच्या प्रार्थनेत काय बदलले, तेही सांगते. ती पूर्वी माझ्या कुटुंबाभोवती फिरायची, आता तिच्यात मला नात्याने कोणी न लागणारी माणसे आहेत. गुडघे दुखतात, झोप उडते, पतीची आठवण येते. हे बोलायला तुम्ही कधी मज्जाव केला नाहीत, की विश्वास कमी पडतो असेही कोणाला म्हटले नाहीत. बाहेरचा मनुष्य क्षीण होत असताना आतला दिवसेंदिवस नवा होतो, असे पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. ते मी रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतले होते, पण त्याचा प्रत्यय मला तुमच्या घरी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आला. याबद्दल मी देवाचे आणि तुमचे अंतःकरणापासून आभार मानते.

शस्त्रक्रियेनंतर तुम्हांला जिना चढउतार करायला मनाई आहे, म्हणून वही तुम्ही माझ्याकडे सोपवलीत. ती मी नेमाने लिहिते आहे. येत्या गुरुवारी सगळे तीन वाजता तुमच्याकडेच येतील, 92 वे स्तोत्र सुरू करायचे आहे. खुर्च्या तुम्ही हलवू नका, माझा नातू आधी येऊन मांडून ठेवील. आणि गेल्या रविवारी गडहिंग्लजहून एक नवे कुटुंब आले आहे. त्यांची नावे दादांना मी सांगितली आहेत, तुम्हांला भेटल्यावर सांगेन.

ख्रिस्तात तुमची,
मंडळीतील एक निवृत्त शिक्षिका
कोल्हापूर