पहिल्या क्रमांकाला घरचे मैदान नाही

मा. संपादक,

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलला (आपला फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा तो खेळ) आपल्या क्रीडा पानावर सहसा जागा नसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहणारी मराठी मंडळी सध्या दुसरे काही बोलतच नाही. येत्या सोमवारी, २० जानेवारी २०२५ रोजी, अटलांटात आमचे इथले ओहायो स्टेट विद्यापीठ आणि नोटर डेम विद्यापीठ यांच्यात राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना आहे. माझी मुलगी ओहायो स्टेटला तिसऱ्या वर्षाला आहे. तिला जायचे आहे. मला तिच्याहून जास्त जायचे आहे, पण ते घरात उघड बोलायची सोय नाही.

तिकिटांच्या फेरविक्रीत सगळ्यात वरच्या कोपऱ्यातली खुर्चीसुद्धा दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी साधारण तेरा हजार डॉलर. म्हणजे एका संध्याकाळसाठी फीचा सहावा-सातवा हिस्सा! तरीही माझे भांडण या भावाशी नाही. अटलांटाच्या स्टेडियममध्ये जागा सत्तर हजारांच्या घरात, मागणारे त्याच्या कितीतरी पट, भाव चढणारच. राग आहे तो सामने कुठे खेळायचे हे ठरवणाऱ्यांवर.

यंदापासून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, चारऐवजी बारा संघ आले. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत सुट्टी, ५ ते ८ मानांकनाच्या संघांना त्या फेरीत घरचे मैदान. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने मात्र जुन्या ‘बोल’ स्पर्धांच्या (रोझ बोल, कॉटन बोल अशा नावांचे मानाचे सामने) ठरलेल्या मैदानांवर, आणि अंतिम सामना वेगळा ठरवलेल्या शहरात. आमचे मानांकन आठवे. २१ डिसेंबरला टेनेसी विद्यापीठाचा संघ इथे येऊन ४२-१७ ने हरून गेला. मग १ जानेवारीला कॅलिफोर्नियात रोझ बोलमध्ये ओरेगनचा संघ, १० तारखेला टेक्सास राज्यात कॉटन बोलला टेक्सास विद्यापीठाचा संघ, आता जॉर्जियात, म्हणजे अटलांटाला, नोटर डेम. निष्ठावंत पाठीराख्याने वीस दिवसांत तीन राज्ये गाठायची. तीही जिंकणार की नाही हे माहीत नसताना आधी खोली धरून, किंवा जिंकल्यावर तिप्पट भावाने.

यातली विसंगती पाहा. ओरेगन पहिला मानांकित आणि तोवर अपराजित. पण त्याच्या प्रेक्षकांना घरच्या मैदानावर प्लेऑफचा एकही सामना मिळाला नाही. आम्हा आठव्यांना मिळाला! पहिले चारही मानांकित पहिल्याच सामन्यात बाहेर पडले. हा निव्वळ योगायोग असेलही, पण ज्यांनी वर्षभर चांगले खेळून पहिली जागा मिळवली त्यांच्या प्रेक्षकांनी विमानाचे तिकीट काढायचे, हे कुठले बक्षीस?

टेनेसीच्या सामन्याबद्दल एक सांगायलाच हवे. ३० नोव्हेंबरला आम्ही मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० ने हरलो होतो आणि अर्धे गाव प्रशिक्षक रायन डे यांना घालवायला निघाले होते. त्या रागात पुष्कळांनी प्लेऑफची तिकिटे विकून टाकली, आणि आमच्या स्टेडियममध्ये नारिंगी कपड्यांतले पाहुणे जिकडेतिकडे दिसले. तिकिटे विकणाऱ्यांपैकी माझ्या ओळखीचे दोघे आता अटलांटाच्या तिकिटासाठी मला फोन करतात. त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

टेक्सासविरुद्ध शेवटची दोनेक मिनिटे उरली होती. समोरचा संघ बरोबरी साधण्याच्या बेतात असताना आमच्या जॅक सॉयरने त्यांच्या क्विन युअर्सच्या हातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड धावत नेला. तो टोकाला पोहोचायच्या आत आमच्या शेजाऱ्याने लॅपटॉप उघडून अटलांटाची हॉटेले बघायला सुरुवात केली होती. आनंदाला इतक्या लगेच हिशेब चिकटलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

न्यू ऑर्लिन्समध्ये नववर्षाच्या पहाटे गर्दीवर ट्रक घालून झालेल्या हल्ल्यानंतर तिथला शुगर बोल, हाही एक उपांत्यपूर्व सामना, १ ऐवजी २ जानेवारीला खेळवला गेला. निर्णय योग्यच होता. पण परतीची विमाने ठरलेली असताना दूरवरून आलेल्यांना एक दिवस पुढे ढकलणे किती जड जाते, हेही त्यात दिसले. हाच सामना एखाद्या विद्यापीठाच्या गावात असता तर निदान निम्मे प्रेक्षक मोटारीने घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत आले असते.

म्हणून माझी साधी मागणी: उपांत्यपूर्व फेरी वरच्या मानांकित संघाच्या मैदानावर घ्या. बोलवाल्यांना उपांत्य सामने राहू द्या. थंडीचे कारण सांगू नका. टेनेसीच्या रात्री इथे कडाक्याची थंडी होती तरी लाखभर माणसांचे स्टेडियम भरले होते. २०२६ पासून सहा वर्षांच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन ही क्रीडावाहिनी ७.८ अब्ज डॉलर देणार आहे. टीव्हीचा एवढा पैसा असताना विद्यार्थ्यांसाठी ठरावीक भावाची काही हजार तिकिटे राखणे अशक्य नाही.

इथे काहीजण सगळ्याचे खापर खेळाडूंच्या कमाईवर फोडतात. आमच्या संघावर यंदा सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, असे आमच्याच क्रीडा संचालकांनी सांगितले होते. मला त्यात काही गैर वाटत नाही. २०२१ पर्यंत या धंद्यात प्रशिक्षकापासून प्रक्षेपकापर्यंत सगळे कमावत होते. स्वतःच्या नावावर एक पैसा मिळवायची बंदी होती ती फक्त खेळणाऱ्यांना. आणि फेरविक्रीतला नफा त्यांच्या खिशात जातच नाही.

तर सध्याचा बेत असा. माझी मुलगी धरून चार मैत्रिणी, एक मोटार, सिनसिनाटी-नॉक्सव्हिलच्या वाटेने नऊएक तासांचा रस्ता, अटलांटाबाहेर एक खोली. सोमवारी मार्टिन लूथर किंग दिनाची सुट्टी आहे, पण सामना रात्री साडेसातला सुरू होणार आणि मंगळवारी वर्ग आहेत. मी तिकिटासाठी एक हजार डॉलर देईन, वरचे तिने उन्हाळ्यातल्या कमाईतून घालावेत, असे सांगितले आहे. तिने ते ऐकून घेतले आहे, कबूल केलेले नाही.

आपला,
एक पालक, कोलंबस, ओहायो