जीपची थरथर थांबली, आभार राहिले होते

आर्णी–दिग्रस रस्त्यावर ज्यांनी ज्यांनी आमच्या म्हाताऱ्या जीपचं दुखणं ऐकून घेतलं, त्या सगळ्यांना रामराम. नावं विचारायची राहूनच गेली.

गाडी ताशी साठच्या वर गेली की सीटखालून थरथर यायची, स्टिअरिंग मात्र शांत. मी दोनदा चाकांचं बॅलन्सिंग करून पैसे घालवले. टपरीवरचे ट्रकवाले मामा म्हणाले, "काहून टायरच्या मागं लागले भाऊ? रिकाम्या रस्त्यावर साठला न्यूट्रल करून पाहा." केलं. इंजिनचा आवाज उतरला, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. गडबड चाकांसोबत फिरणाऱ्या भागात.

पऱ्हाटीच्या धुऱ्याशी गाडीखाली शिरून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, हातानं हलवून दाखवणाऱ्या पोरा, तुझेही आभार. शाफ्टच्या टोकाला कोनात वळू देणारा सांधा असतो, तो क्रॉस; त्याच्या कपाजवळ तांबूस भुकटी होती. ग्रीस संपून आतल्या सुयांसारख्या बारीक बेअरिंग गंजलेल्या. गिअर टाकताना येणारा 'टक्' तिथलाच. मी तो वर्षभर गाडीचा स्वभाव समजत होतो!

नवा क्रॉस बसवूनही थोडी थरथर उरली. ती पकडली एसटीतून निवृत्त झालेल्या मेकॅनिक आजोबांनी. शाफ्ट खोलताना कुणी खुणाच केल्या नव्हत्या, त्यामुळे दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुहेरी फाटे, एका रेषेत नव्हते. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. मागचा क्रॉस ते खोडून काढतो, पण योक रांगेत असले तरच. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचा दातेरी सरकता जोड, काढून नीट बसवली, झालं.

आजोबांनी पैसे घेतले नाहीत. तुरीच्या शेंगा तेवढ्या ठेवून घेतल्या, त्याही नातवासाठी.