घड्याळाच्या पट्ट्याला टूथपेस्ट नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या घरगुती युक्त्यांमध्ये स्टीलचा घड्याळाचा पट्टा टूथपेस्टने घासून ‘आरशासारखा लख्ख’ करा, असं वाचलं. पण ज्या पट्ट्याला मुळात आरसा व्हायचंच नव्हतं, त्याचं काय? माझ्या पट्ट्याचा तसा आरसा एकदा झाला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं सिको फाइव्ह घड्याळ मेहुण्याने १९८९ साली मस्कतहून आणलेलं. दोन वर्षांपूर्वी काच बदलायला एका दुकानात दिलं. ‘काका, पट्टाही पॉलिश करून देतो, त्याचे पैसे नकोत,’ असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. चूक माझीच. घड्याळ परत आलं ते आहेरातल्या ताटासारखं चकाकत. पट्ट्यावरच्या बारीक रेघा गायब, कड्यांच्या कडा गोल. या जुन्या पट्ट्यांच्या कड्या भरीव नसतात, पत्रा दुमडून केलेल्या असतात. बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या, चाकाने खायला तिथे माल असतो कितीसा? सौ. म्हणाल्या, ‘छान आहे की, नवं वाटतंय.’ आठ दिवसांत कुलपाचा, टेबलाचा, स्कूटरच्या हँडलचा एकेक ओरखडा त्या आरशात उठून दिसायला लागला, तेव्हा त्याही गप्प झाल्या.

त्या बारीक रेघा पाहायच्या असतील तर लिफ्टच्या स्टीलच्या दाराकडे तिरकं बघा. कारखान्यात आम्ही त्याला हेअरलाइन म्हणायचो. खरं तर ते ओरखडेच, पण सगळे एका दिशेने आणि सारख्या जाडीचे. म्हणून त्यांच्यात रोजचा ओरखडा लपून जातो. टूथपेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असते. बोटाने गोल गोल चोळलं की या रेघा मधेमधे पुसतात आणि पट्ट्याला चट्टे पडतात.

मी ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. ड्रॉ फायलिंग करताना कानस दोन्ही हातांनी आडवी धरून जॉबवरून, म्हणजे घासायच्या तुकड्यावरून, सरळ ओढतात. ‘मनगट नको, खांदा चालव,’ असं आमचे उस्ताद ओरडायचे. पट्ट्याचं कामही तेच.

त्या रेघा परत आणायला आधी पट्टा घड्याळापासून सोडवला. पिनेत स्प्रिंग असते, ती उडते. वर रुमाल धरावा, नाहीतर पलंगाखाली शोधत बसावं लागतं (बसलो). भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन कड्यांमधला काळा मळ काढला. मळ राहिला तर त्यातला खडा नको तिथे खोल रेघ ओढतो. मग पट्टा वाळवून पाटावर सपाट ताणला, दोन्ही टोकं टेपने चिकटवली आणि ज्या कडा चकचकीतच ठेवायच्या त्यांवरही टेप लावली. शेजारी आधाराला फूटपट्टी. लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, एकाच दिशेने ओढला. उचलायचा, पुन्हा पहिल्या टोकाला. मागे-पुढे अजिबात नाही. आरसा मोडला की पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेतली, नवी कोरी, आणि तशीच पंचवीसेक वेळा ओढली. खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघत राहायचं. हाताला आपोआप कळतं. ज्यांच्या पट्ट्याच्या रेघा नुसत्या फिक्या पडल्यात, त्यांना घासणी पुरते, पेपर लागतच नाही.

तारेची घासणी मात्र नको. ती साध्या लोखंडाची असली तर तिचे कण रुततात आणि पावसाळ्यात गंजाचे ठिपके उठतात. पट्ट्याचं स्टेनलेस स्टील घासायला तशी भीती नाही. वर मुलामा नसतो, आणि घासलं तरी क्रोमियमचा संरक्षक थर हवेत आपोआप पुन्हा धरतो. सोनेरी किंवा काळ्या पट्ट्याला मात्र हात लावू नका. तिथला थर काही मायक्रॉनचाच. तो गेला की खालचा धातू उघडा. घड्याळाच्या डबीवरही हा प्रयोग नको, काच लगेच शेजारीच असते.

गोल झालेल्या कडा काही परत येत नाहीत. बक्कल शेवटी केलं, तेव्हा दमलो होतो. मनगट वळलं आणि स्वल्पविरामासारखी एक रेघ उमटली. ती अजून आहे.

दुकानदारांना विनंती एवढीच, की पावतीवर नुसतं ‘पॉलिश’ लिहू नये. मॅट की चकचकीत, हे गिऱ्हाइकाला विचारून लिहावं. आणि आपणही येत्या रविवारी त्या टिपेत, सोनेरी पट्टा टूथपेस्टने घासू नये, एवढी ओळ तरी घालावी. आमच्या शेजारच्या वहिनींनी ते कात्रण कापून ठेवलंय, आणि त्यांचं घड्याळ सोनेरी आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, आकुर्डी